रस्त्याला सैनिकाचं नाव द्यायचं म्हणजे नेमकं काय? रिठदसारख्या गावानं समजून घ्यावं असं काही

गावचा जवान तिरंग्यात लपेटून घरी येतो, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर उतरतं. शाळेची पोरं दोन्ही बाजूंनी उभी राहतात, दुकानं बंद होतात, मंदिराकडून आणि मस्जिदीकडून माणसं एकाच वाटेनं चालू लागतात. त्या गर्दीत कुणीतरी पुढारी बोलून जातो, "या रस्त्याला आपल्या जवानाचं नाव देऊ." टाळ्या पडतात. त्यानंतर बहुतेक वेळा काहीच होत नाही, किंवा एक रंगीत फ्लेक्स लागतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात फाटून जातो.

असं का होतं? दरवेळी पुढाऱ्याची नियत खोटी असते असं नाही. रस्त्याला नाव देणं हे सरकारी काम आहे आणि ते कुणाकडे, कोणत्या कागदानं करायचं हे गावाला माहीत नसतं. म्हणून रिसोड तालुक्यातलं रिठद डोळ्यांसमोर ठेवून हा विषय समजून घेऊ. यातलं बहुतेक सगळं वाशिम जिल्ह्यातल्याच नव्हे, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला लागू पडतं.

नाव असलेले रस्ते आपल्या आजूबाजूलाच आहेत

वाशिम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याला राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०१९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं. पंढरपूरकडे जाणाऱ्या दोन राष्ट्रीय महामार्गांना संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्ग म्हणतात. नागपूरला सीताबर्डीत आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनाजवळच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी बांधव दगावले. त्यांची ती आठवण. ते सैनिक नव्हते, पण "गोवारी पुलावरून जा" असं रिक्षावाल्याला रोज सांगितलं जातं आणि आठवण जिवंत राहते.

सैनिकांच्या नावाचे रस्तेही आहेत. मुंबईत विलेपार्ल्याचा उड्डाणपूल कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावानं ओळखला जातो. गोरेगावात जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग आहे. उत्तर प्रदेशाच्या बांधकाम खात्यानं तर "जय हिंद वीर पथ" नावाची योजनाच आणली. त्यात जान देणाऱ्या जवानाच्या घरापर्यंत जाणारा रस्ता बांधायचा किंवा सुधारायचा आणि त्याला त्याचं नाव द्यायचं, अशी कल्पना आहे. या योजनेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी रस्ता, मग नाव.

बाहेरच्या देशांत याची पद्धत थोडी वेगळी आहे. अमेरिकेत शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकाला पर्पल हार्ट हे पदक मिळतं. १९९२ पासून तिथे अनेक राज्यांतल्या रस्त्यांना "पर्पल हार्ट मार्ग" म्हणून मान दिला जातो. कुणा एकाचं नाव नाही, सगळ्या जखमींची आणि गेलेल्यांची मिळून एक पाटी. कॅनडाची गोष्ट आणखी वेगळी. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या ट्रेंटनच्या विमानतळावरून टोरांटोला नेल्या जात. त्या वाटेवरच्या पुलांवर साधी माणसं आपणहून येऊन उभी राहू लागली. लोकांनी आधी मान दिला आणि सरकारनं २००७ मध्ये त्या पट्ट्याला "वीरांचा महामार्ग" असं नाव दिलं.

कॅनडाच्या त्या रस्त्याचा क्रमांक ४०१ होता, आजही तोच आहे. आपल्याकडेही तसंच. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. उद्या त्याच्या एखाद्या तुकड्याला सैनिकाचं नाव मिळालं, तरी सरकारी कागदावर तो १६१ च राहील. क्रमांक प्रशासनासाठी असतो, नाव माणसांसाठी.

आधी हे बघा: रस्ता कुणाचा?

सगळी गाडी इथेच अडते. गाव ठराव करतं एका रस्त्याचा आणि तो रस्ता असतो दुसऱ्याच खात्याचा. आपल्याकडे रस्त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातल्या गल्ल्या आणि अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. रिसोड किंवा वाशिम शहरातला अंतर्गत रस्ता असेल तर नगर परिषदेचा.

ओळखायचा एक सोपा मार्ग म्हणजे कडेचा मैलाचा दगड. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, आणि नारिंगी असेल तर साधारणपणे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. दगड नसेल किंवा शंका असेल, तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात किंवा सार्वजनिक बांधकाम उपविभागात रस्त्याचा क्रमांक विचारून घ्यावा. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तरी चालतो.

गावठाणातल्या रस्त्याचा निर्णय गावातच होऊ शकतो. जिल्हा परिषदेच्या रस्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडून पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव जातो. राज्य मार्गाचा प्रस्ताव बांधकाम विभागामार्फत राज्य सरकारकडे आणि राष्ट्रीय महामार्गाचा थेट दिल्लीपर्यंत. जितका मोठा रस्ता, तितके जास्त टेबल.

ग्रामसभा: खरी ताकद इथेच

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला त्या भरतात. गणपूर्तीसाठी गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा पुरतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते. आपल्या मोहल्ल्यातल्या किती आपा-खाला त्या सभेला जातात, हे एकदा मोजून बघायला हरकत नाही. जवानाची आई, बायको, बहीण तिथे बोलली तर विषय कागदावर येतोच.

तयारी अशी करावी. सभेच्या पुरेशा आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, म्हणजे विषय अजेंड्यावर येतो. अर्जात रस्त्याची हद्द स्पष्ट असावी: "अमुक फाट्यापासून अमुक शाळेपर्यंत, अमुक क्रमांकाचा रस्ता." सैनिकाचं पूर्ण नाव, हुद्दा, युनिट आणि दिनांक लिहावा. घरच्यांची लेखी संमती सोबत जोडावी. हे फार महत्त्वाचं आहे. काही घरांना रोज दारासमोर ते नाव बघणं जड जातं, त्यांचं आधी ऐकावं. त्या रस्त्याला आधीपासून कुणाचं नाव असेल तर ते पुसून नवं लावण्याचा आग्रह धरू नये. गावात बिननावाचे रस्ते कमी नाहीत, आणि एकाचं नाव खोडून दिलेला मान दुसऱ्याच्या मनात सल ठेवून जातो. ठराव झाला की त्याची नक्कल, क्रमांकासह, हातात घ्यावी. पुढे जी काही धावपळ होईल ती त्या एका कागदावर.

आणखी एक अडचण. अनेकांना पाटीपेक्षा पुतळा किंवा कमान हवी असते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर आणि फुटपाथवर पुतळे किंवा वाहतुकीला अडथळा होणारी बांधकामं करायला परवानगी देऊ नये, असे आदेश राज्यांना दिले. राष्ट्रीय महामार्गाच्या जागेत परवानगीशिवाय काही उभारता येत नाही, त्यासाठी २००२ चा वेगळा कायदा आहे. त्यामुळे रस्त्याच्या कडेला नीट परवानगी घेतलेली, धातूची पाटी हाच शहाणपणाचा मार्ग. बाकीचा पैसा सावली देणाऱ्या झाडांवर खर्च करावा. लिंबाचं झाड पुतळ्यापेक्षा कमी वादाचं असतं आणि त्याचा सवाबही चालू राहतो.

नाव शोधायचं कुठे?

"आमच्या गावात तर कुणी फौजी झालाच नाही," असं आपण पटकन म्हणतो. आधी शोधायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये "मेरी माटी मेरा देश" मोहिमेत गावोगावी शिलाफलक लागले. देशासाठी जान दिलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर लिहायची होती. आपल्या ग्रामपंचायतीजवळ किंवा शाळेजवळ तो फलक असेल. त्यावर कोण आहे, कोण राहून गेलं, हे एकदा वाचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांची नोंद असते. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाचं उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं, तेव्हा तिथल्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,९४२ जणांची नावं कोरलेली होती. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या हिंदी सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाकडे आहे आणि ती इंटरनेटवर शोधता येते.

पण शोधताना एक गोष्ट विसरू नका. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांत रिठद, रिसोड, मंगरूळपीर सगळं अकोला जिल्ह्यात सापडेल. १९६५ किंवा १९७१ च्या लढाईतला माणूस "जिल्हा वाशिम" असा शोधला तर सापडणारच नाही. त्याही मागे गेलात तर मुलूख वऱ्हाड, आणि इंग्रजी कागदांत वाशिमचं नाव "बासिम" असं लिहिलेलं. नावांचंही तसंच. आपल्याकडे शेख, सय्यद, खान, पठाण, बेग कधी पुढे लागतं कधी मागे, आणि एकाच माणसाची दोन कागदांवर दोन स्पेलिंगं असतात. म्हणून युनिट आणि सैनिक क्रमांक मिळाला तर तोच पक्का पुरावा. जुन्या पेटीतलं पेन्शन बुक, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, डिस्चार्जचा कागद हे सगळं जपून ठेवा. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना आजच विचारा. ते गेले की ती वाटही बंद होईल.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारनं तिथे शिळा लावली. शंभर वर्षं उलटली, सरकार बदललं, शिळा राहिली. आकडा लिहून ठेवला म्हणून आज आपण तो सांगू शकतो.

"शहीद" कुणाला म्हणायचं?

हा शब्द आपल्या घरातला आहे. अरबीत शहीदचा मूळ अर्थ साक्ष देणारा. मराठीत तो इतका रुजला की गोवारी बांधवांपासून सीमेवरच्या जवानापर्यंत सगळ्यांना लागतो. पण सरकारी कागदात मात्र तो नाही. संरक्षण दलांत हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलेलं आहे. फौजेच्या नोंदीत "बॅटल कॅज्युअल्टी" असा शब्द येतो. म्हणून प्रस्तावात भावनेनं शहीद जरूर लिहा, पण सोबत फौजेच्या पत्रातले शब्दही जसेच्या तसे द्या.

आणखी एक वाद गावोगावी ऐकू येतो: "तो तर सीआरपीएफमध्ये होता," "तो तर अग्निवीर होता." आपल्या शेजारचीच उदाहरणं बघू. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यात बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत. लोणार म्हणजे रिसोडच्या शेजारचाच तालुका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर अक्षय गवते यांचं निधन झालं. ड्युटीवर प्राण गेलेले ते पहिले अग्निवीर. त्यांचं गाव पिंपळगाव सराई, म्हणजे सैलानी बाबांच्या दर्ग्याचा परिसर. आपल्यातली कितीतरी घरं दरवर्षी त्या वाटेनं जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये शोपियानला कामी आलेले सुमेध गवई अकोला जिल्ह्यातल्या लोणाग्र्याचे.

पेन्शन आणि सवलतींत या सगळ्यांसाठी नियम वेगवेगळे आहेत, आणि त्यावर भांडायला हवं. पण पाटीवर असा भेद नको. गोळीनं वर्दीचा रंग विचारला नव्हता, गोठवणाऱ्या थंडीनंही नाही.

जे जखमी होऊन परत आले त्यांचं काय?

आपल्याकडे नाव मिळायला मरावं लागतं. जखमी होऊन आलेला जवान गावात राहतो, रेशनच्या रांगेत उभा राहतो, आणि दहा वर्षांनी तो फौजी होता हे नव्या पोरांना ठाऊकही नसतं. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी आपल्याकडेही "पराक्रम पदक" आहे, पण ते ऐकलेली माणसं किती?

मुरलीकांत पेटकर यांचं नाव आता सिनेमामुळे घरोघरी पोहोचलं. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पुण्याजवळ खडकीला पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तिथल्या सगळ्यांवर सिनेमे निघत नाहीत.

आणि रस्त्याचा विषय आहे तर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना विसरून कसं चालेल? हे कारवार भागातले, बॉम्बे सॅपर्समधले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीला जाणाऱ्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडवली होती. ८ एप्रिलला ते जखमी झाले, तरी मागे जायला तयार झाले नाहीत. पुढचे दिवस गोळीबारात सुरुंग काढत, वळणवाटा तयार करत राहिले, आणि रणगाडे राजौरीला पोहोचले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते जिवंत परतले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणं हा ईमानचा भाग आहे, असं आपल्याला लहानपणी शिकवतात. हा माणूस जखमी मांडीनं तेच करत होता.

म्हणून ग्रामसभेत विषय मांडताना जिवंत, जखमी माजी सैनिकांचंही नाव घ्या. त्यांच्या घराकडे जाणारी गल्ली पक्की करा, रॅम्प करून द्या. पाटी नंतर लावली तरी चालेल.

आपली नावं आणि आपली भूमिका

ज्या नौशेरा भागात राणे वाट काढत होते, त्याच भागात त्याच वर्षी ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान लढत होते. ३ जुलै १९४८ रोजी झंगड इथे ते कामी आले. दिल्लीला जामिया मिल्लिया इस्लामियाजवळच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. डिसेंबर २०२० मध्ये ती मोडक्या अवस्थेत असल्याचं उघड झालं आणि नंतर फौजेनं ती दुरुस्त केली. हवालदार अब्दुल हमीद, गाझीपूरच्या धामूपूरचे, १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे उडवताना गेले आणि परमवीर ठरले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली गेली, त्यात हमीद आहेत आणि राणेही आहेत. कारगिलच्या लढाईत ६ जून १९९९ रोजी कॅप्टन हनीफउद्दीन तुर्तुकला गेले. तिथल्या फौजी विभागालाच त्यांचं नाव दिलं गेलं.

ही नावं मुलांना माहीत हवीतच. पण ती वफादारीचं सर्टिफिकेट म्हणून खिशात ठेवायची नाहीत. कुणी संशयानं बघितलं की अब्दुल हमीद यांचं नाव पुढे करायचं, ही सवय सोडायला हवी. त्यांनी जान दिली ती आपली हमी भरायला नाही. त्यांचा मान त्यांच्या कामामुळे आहे, आणि आपला हक्क आपण या देशाचे नागरिक आहोत म्हणून आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

म्हणून मोहल्ल्यातून पहिला प्रस्ताव जाईल तो फक्त आपल्याच नावाचा असू नये. राठोड, गवते, गवई, राजपूत हेही आपल्याच वाटेवरचे. मस्जिदीच्या गल्लीला शेजारच्या गावच्या गवईंचं नाव मागायला काय हरकत आहे? आणि गावच्या मुस्लिम फौजीचं नाव गावच्या मुख्य रस्त्याला मिळावं, मोहल्ल्याच्या आतल्या बोळाला नव्हे, असंही तितक्याच शांतपणे म्हणता आलं पाहिजे.

महामार्गाची मागणी जोरात होते, पण तिचा निर्णय मुंबई-दिल्लीत होतो आणि ताशी शंभरच्या वेगानं जाणारा माणूस पाटी वाचत नाही. रिठदसारख्या गावात शाळेकडे जाणाऱ्या पाचशे मीटरच्या रस्त्यावर पोरं रोज चालत जातात. तिथे पाटीवर नाव, गाव, युनिट, तारीख आणि दोन ओळींत तो कोण होता हे लिहिलेलं असेल, तर दहा वर्षांत गावची एक पिढी ते पाठ करून मोठी होईल. त्या रस्त्यावरचा खड्डा बुजवायला, पाटी पुसायला, झाडाला पाणी घालायला गावच पुढे येईल, कारण नाव गावानं दिलेलं असेल.

पुढच्या ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. ती बघा, अर्ज लिहा, आणि सभेला घरातल्या दोघांनी तरी जा.